सावली टेक्ससमध्ये होती

टुलेरी, कॅलिफोर्निया
रविवार

प्रिय देओलिंडाआत्या,

आधी आशीर्वाद दे, मग राग. तुझा गुडघा कसा आहे? मामांच्या गाई दुधाला बऱ्या आहेत ना?

मी तुझ्या गावाच्या वेशीपर्यंत येऊन तुझ्या हातचं सूप न खाता परतलो, हे दुधाच्या टँकरवाल्याने तुला सांगितलं. ते खरं आहे. पण कारण ऐक. मी ज्या सरकारी कॉलेजची गाडी चालवतो, तिथली मुलं टेक्ससला जनावरं पारखण्याच्या स्पर्धेला निघाली होती. आता आमच्या राज्याचा कायदा असा, की जिथे मुलांवर प्रेम करणाऱ्या मुलांशी आणि मुलींवर प्रेम करणाऱ्या मुलींशी भेदभाव (शब्द कोशात पाहून लिहिला आहे) करणारे कायदे आहेत, तिथे सरकारी पैशाने जायचं नाही. टेक्सस त्या यादीत. मुलांचा पुढचा खर्च आपल्या चर्चच्या मंडळाने उचलला, पण गाडी सरकारी. हिशेबाच्या सिल्व्हेराबाईंनी मला बजावलं, "आदेलिनो, चाक टेक्ससच्या रेघेपलीकडे गेलं तर तू घरी!"

म्हणून मी न्यू मेक्सिकोच्या टोकाला, रेघेच्या वीतभर अलीकडे थांबलो. ऊन रणरणतं. मुलांसोबत आलेले बोर्बासर ओरडले, "अरे शहाण्या, गाडी त्या झाडाखाली घे की!"

"सर, झाड इकडे आहे, पण सावली टेक्ससमध्ये आहे."

"मग सावलीलाही तिकीट लागतं का, बाबा?"

एवढ्यात आमच्या मुलांमधली इनेश सँडविच खात खात पलीकडे निघाली. सँडविच कॉलेजच्या पैशांचं! मी धावलो. "मागे फिर! तोंडातला घास सरकारी आहे!" तिने रेघेवर उभं राहून, माझ्याकडे बघत, सावकाश चावून गिळला. म्हणाली, "आता तो माझा झाला. पोट खाजगी आहे." (यावर सिल्व्हेराबाईंचं मत मी अजून विचारलेलं नाही.)

मग मंडळाच्या ओळखीच्या गवळ्याने वासरं नेण्याची गाडी धाडली. मुलं तिच्यातल्या गवतावर बसून गेली, आणि परीक्षक म्हणे आधी त्यांनाच हुंगून पुढे गेले. तरी दुसरा नंबर आला.

मी मात्र ती परत येईपर्यंत गाडीपाशी. तुझं घर रेघेपलीकडे अर्ध्या तासावर होतं गं, पण मी कामावर होतो; त्या दिवशी माझे पायही सरकारी होते.

मामांना नमस्कार.

तुझा,
आदेलिनो

ता. क. जूनमध्ये पवित्र आत्म्याच्या सणाला येतो. गाडी माझी, पेट्रोल माझं, पाय माझे. सोबत रुफिनो आहे, माझ्या खोलीत राहतो तो. शेजारून खाट मागून आणू नकोस. एक पुरते.

ता. क. २. तो कायदा ज्या मुलांसाठी केला, त्यांतला मी एक. रुफिनो दुसरा. तुझ्या उंबऱ्यावरही अशी रेघ असेल तर आधी कळव. वीतभर अलीकडे थांबणं मला आता छान जमतं.

ता. क. ३. शुद्धलेखन तपासताना एक चूक सापडली. वर आशीर्वाद एकच मागितला आहे. दोन हवेत.