अंगठ्याला अडकवलेला दोरा

आई, माझे पाय थांबले. तुझ्यासारखेच तेही दिवस मावळला की वळवळायला लागायचे. हलवले की बरं वाटायचं, स्वस्थ ठेवले की पोटऱ्यांत पुन्हा मुंग्या. तू ओसरीवर मोगऱ्याची परडी घेऊन, दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून गजरे बांधत बसायचीस. पाय झटकला गेला की दोरा सैल पडायचा आणि गाठी निसटायच्या. पाय हलवणाऱ्या बाईच्या घरात लक्ष्मी टिकत नाही, असं बाबा सुनावायचे. तू गुडघ्यांना लुगड्याची चिंधी आवळून पाहिलीस, तरी शेवटी परडी आणि गजऱ्यांचं काम काकूकडे गेलंच. मला बघायला पाहुणे आले त्या संध्याकाळी तर मीच सगळ्यांदेखत तुझा गुडघा दाबून धरला. "आई, नको ना हलवू पाय, लोक बघतायत." तू पदर पायांवर ओढून घेतलास.

यंदा माझं बीपी वाढलं. पंचवटीतल्या डॉक्टरीणबाई दंडाला पट्टा बांधता बांधता म्हणाल्या, "मावशी, संध्याकाळी पाय स्वस्थ बसू देतात का?" हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं आणि लाजेपायी मीही कुणाला सांगितलं नव्हतं. बीपीवाल्या वयस्कर माणसांत ही तक्रार बऱ्याचदा दिसते, म्हणून विचारते, म्हणाल्या. रक्त तपासलं तर लोह पार तळाला गेलेलं. लोह कमी पडलं की पाय असे वळवळतात, म्हणाल्या. बघ, लक्ष्मी बिचारी उगाच बदनाम झाली. तुझंही तसंच असेल, पण तुझे पाय फक्त दटावले गेले, तपासले कुणीच नाहीत. या गोष्टीचा मला अजून राग येतो.

सुनेने मायेनंच परडी मागितली होती. मी म्हटलं, थांब जरा, एवढ्यात नाही देणार. तुझी गेली तशी माझी जाऊ द्यायची नव्हती. गोळ्या नेमाने घेतल्या, लोणचं-पापड सोडले. तीन महिन्यांत बीपी उतरलं, पायही निवत गेले. काल संध्याकाळी ओसरीवर बसले आणि देवीसाठी पाच हात लांब गजरा एका बैठकीत बांधला. एकही गाठ सुटली नाही. सून म्हणाली, "आई, जिंकलात." जिंकलेच मी, आणि ते सगळ्यात आधी तुला सांगावंसं वाटलं.

हे पत्र परडीच्या तळाशीच राहील. एक मात्र कबूल करते. शेवटची गाठ मारल्यावर, दोरा अंगठ्याला असतानाच, मी पाय मुद्दाम हलवला, अगदी तुझ्यासारखा. माझा गुडघा कुणी दाबला नाही.