विषय क्रमांक नऊ

॥ श्री ॥

वाघदरा,
२६ ऑक्टोबर १९७२

तीर्थरूप नाना यांस,
मनकर्णाचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळी खुशाल, म्हणजे या साली जेवढे खुशाल असता येते तेवढी. इकडची स्वारी दसरा झाल्या झाल्या ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्यावर गेली. थोरले गोरक्षभावजीही गेले. बैल त्याआधीच काष्टीच्या बाजारात नेऊन विकले, वैरणच नाही तर दावणीला काय बांधायचे. घरात आता सासूबाई, थोरल्या जाऊबाई, त्यांची दोन लेकरे आणि मी. एवढ्यांनाही पाणी पुरत नाही.

वहिनी भंडारदऱ्याकडच्या, त्यांना हे सांगून पटणार नाही, पण गावच्या विहिरीत घागर बुडत नाही. तळाशी एक झरा आहे, तो वाटी वाटीने भरावा लागतो. त्यासाठी दोर कमरेला बांधून एक बाई खाली उतरते आणि बाकीच्या वरून घागरी ओढतात. घरवार पाळी लावली आहे. बारा घरे, बाराव्या दिवशी आपली पाळी. विहीर कच्ची. वरचा मुरूम सुटलाय, उतरताना डोक्यावर खडे पडतात. मला उतरायची भीती वाटते, जाऊबाईंना वाटत नाही. सरपंचांनी दगडी बांधणीसाठी अर्ज करायचे ठरवले आणि सातवी पास म्हणून लिहायला मला बसवले. तो सोबत पाठवला आहे. तुमच्यासारखा भाऊ पंचायत समितीचा हेडक्लार्क असून गावची विहीर ढासळायची वाट पाहत बसलो, तर लोक मलाच हसतील.

नाना, मी चेष्टेने लिहिते, पण काळजी खरी आहे. वहिनींना नमस्कार. इकडे ध्यान असू द्या.

तुमची,
मनकर्णा


॥ श्री ॥

२४ नोव्हेंबर १९७२

चि. सौ. मनकर्णा हिस,
गहिनीनाथचे अ. उ. आ. वि. वि.

अर्ज मिळाला. मजकूर झकास आहे. एवढेच की 'मुरूम अंगावर येतो' याऐवजी 'कडा धोकादायक अवस्थेत आहे' असे लिहायचे असते. तेवढे मी सुधारून घेतले. ओव्हरसियर येऊन विहीर पाहून गेले हे तुला ठाऊक आहेच. त्यांचे अंदाजपत्रक आले आणि या महिन्याच्या सभेच्या विषयपत्रिकेवर विषय क्रमांक नऊ म्हणून तुमची विहीर मी स्वतः घातली.

पण सभा झाली नाही. म्हणजे भरली आणि तहकूब झाली. आपल्या समितीचे पहिल्या मुदतीतले एक जुने सदस्य आठवड्यापूर्वी वारले. दुखवट्याचा ठराव झाला, सगळे दोन मिनिटे उभे राहिले आणि मृताच्या मानासाठी सभा पुढे ढकलली. अशी रीतच आहे. आमचे नवे सभापती आबासाहेब साधे शेतकरी गृहस्थ, पाऊल टाकायच्या आधी माझ्याकडे वळून बघतात की हेडक्लार्क, आता काय. मी सांगतो तसे होते. तुझी वहिनी म्हणते की घरात माझे कोणी ऐकत नाही म्हणून मी तिकडे हौस भागवून घेतो. म्हणू दे. महिनाभराचाच प्रश्न आहे. तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग, आणि तू उतरताना दोर दोनदा तपासून घेत जा.

आमची माया आहेच, ती तुझ्याकडूनही राहावी.

तुझा,
नाना


॥ श्री ॥

वाघदरा,
४ डिसेंबर १९७२

तीर्थरूप नाना यांस,
मनकर्णाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र चावडीवर सगळ्यांना वाचून दाखवले. म्हातारी माणसे म्हणाली, मेलेल्याचा मान ठेवलाच पाहिजे. जाऊबाईंनी मात्र विचारले की त्या बाबांना मान दिला ते बरेच केले, पण नंतर पाण्याचे बोलले असते तर ते रागावले असते का. उत्तर तुम्हीच कळवा.

परवा पाळी आपली होती. माझी हिंमत होईना म्हणून जाऊबाई बनुबाई उतरल्या. हाताएवढा दगड त्यांच्या खांद्याला घासून गेला. वर आल्या तेव्हा हसत होत्या. तुम्ही त्यांना माझ्या लग्नात पाहिले आहे, उभ्या काठीसारख्या आहेत, पण नुसत्या हिमतीच्या. मला हळद लागली तेव्हापासून एकाही कामात मला त्यांनी पुढे होऊ दिलेले नाही. सख्खी बहीण नव्हती ती देवाने अशी दिली. त्यांच्या खांद्याला हळद-तेल लावताना मला रडू आले, तर मलाच रागावल्या.

नाना, महिनाभर म्हणजे किती, हे तिकडून लहान दिसत असेल. इथे त्यात अडीच पाळ्या होतात.

लेकीच्या जातीने जास्त बोलले असेन तर पोटात घाला.

तुमची,
मनकर्णा


॥ श्री ॥

२९ डिसेंबर १९७२

चि. सौ. मनकर्णा हिस,
गहिनीनाथचे अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या पत्राने मला फार लागले, आणि लागायलाच हवे होते. पण या महिन्यातही काम झाले नाही. लग्नसराईत निम्मे सदस्य आलेच नाहीत. लागतात तेवढी माणसे नसली की सभा चालवता येत नाही. तासभर वाट पाहिली, चहा दोनदा झाला आणि उठलो.

आता एक उपाय सांगतो. पुढची सभा १९ जानेवारीला आहे. तू गावातल्या आठ-दहा बायका घेऊन ये. कोणी अर्जदार समोर येऊन बसले की सभापती त्यांचा विषय आधी घेतात, हे मी पाहिले आहे. पुरुष आले तर भांडण होते, बायका नुसत्या दारात बसल्या तरी काम होते. बोलायचे तू. सातवीपर्यंत तुला बळेच शिकवले ते काय फक्त माझी पत्रे वाचायला? वहिनी सगळ्यांच्या भाकरी करणार आहे. सकाळच्या एस.टी.ने निघा, म्हणजे दिवस मावळायच्या आत परत पोचाल.

या वेळी काम होणार. तुझ्यासमोर मी खोटा पडणार नाही.

मनात अढी नसावी, ही विनवणी.

तुझा,
नाना


॥ श्री ॥

वाघदरा,
९ जानेवारी १९७३

तीर्थरूप नाना यांस,
मनकर्णाचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही नऊजणी येतो. १९ तारखेला पाळी नेमकी आपल्याच घराची आहे. या खेपेला मनाशी ठरवले होते की मीच उतरणार, जाऊबाईंचा खांदा अजून दुखतो. पाळी दुसऱ्या घराला बदलून मागू म्हटले तर ऐकेनात. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिते: "तू लिवनारी हायस, तू जा तिकडं. उतरायचं काम माझं."

सभेत काय बोलायचे ते पाठ करून घेतले आहे. जाऊबाई सभापती होऊन मला प्रश्न विचारतात आणि सासूबाई पोट धरून हसतात. बऱ्याच दिवसांनी घरात हसणे ऐकू आले.

वहिनींना सांगा, भाकरी बेताच्याच करा, आम्ही खायला येत नाही. बाकी भेटीत.

तुमची,
मनकर्णा


वाघदरा,
२३ जानेवारी १९७३

तीर्थरूप नाना यांस,
नमस्कार.

जाऊबाई बनुबाई वारल्या. आम्ही त्या दिवशी एस.टी.तून उतरलो तेव्हा सगळे गाव विहिरीवर होते. दुपारी कडा खचला. दोर वर ओढला तर नुसता दोर आला. माणसे दोन दिवस मुरूम उपसत होती, वरून आणखी पडत होता. तिसऱ्या दिवशी त्या मिळाल्या. हातात वाटी होती.

कारखान्यावर निरोप गेला आहे. गोरक्षभावजी अजून पोचायचे आहेत. लेकरे माझ्याजवळ आहेत.

पाळी माझी होती, नाना. मी तुमच्या कचेरीच्या ओट्यावर बसून सभा उठली म्हणून शिपायाने सांगितले ते ऐकत होते.

मनकर्णा


॥ श्री ॥

२० फेब्रुवारी १९७३

चि. सौ. मनकर्णा हिस,
गहिनीनाथचे अनेक आशीर्वाद.

दहाव्याला मी आलो तेव्हा तू माझ्याशी बोलली नाहीस. सासूबाईंसमोर मलाही बोलता आले नाही. म्हणून लिहितो. हे वाचून तू मला भाऊ म्हणणार नाहीस असे वाटते, तरीही लिहिल्यावाचून राहवत नाही.

१९ तारखेची सभा का उठली ते तुला बाहेर कोणी सांगितले नाही. एका सदस्यांची आई दोन दिवसांपूर्वी वारली होती. चांगली म्हातारी होऊन, नातवंडे-पतवंडे पाहून गेली. ते सदस्य स्वतः सभेला आले होते. दुखवट्याचा ठराव झाला, आम्ही उभे राहिलो. मग आबासाहेब माझ्याकडे वळले आणि त्यांनी विचारले, "हेडक्लार्क, बायका लांबून आल्यात. विषय घ्यायचा, का काय रीत हाय?"

मी म्हणालो की रीत सभा तहकूब करण्याची आहे.

ते सदस्य म्हणाले, माझी काही हरकत नाही, काम चालू द्या. तरी मी मान हलवली. मी सांगितले तेच झाले.

त्यानंतर मी नियमांचे पुस्तक तीनदा वाचून काढले. सभा तहकूब करावी असे त्यात कुठेही नाही. माझ्या आधीचे हेडक्लार्क करायचे म्हणून मी करत आलो. नोव्हेंबरात मीच सांगितले, जानेवारीतही मीच. आणि मनकर्णा, मला बायका दिसत होत्या. तू दाराबाहेर ओट्यावर बसलेली दिसत होतीस. बहीण बघते आहे, तिच्यासमोर आपल्या हातून काही उणे पडू नये, सभा कशी रीतीने चालवतो हे तिने पाहावे, एवढेच त्या घटकेला माझ्या मनात होते. मी तुझ्यापुढे मिरवत होतो. तिकडे तुझी जाऊ विहिरीत होती.

कालची सभा सांगतो. बनुबाईंच्या दुखवट्याचा ठराव झाला. आबासाहेबांनी पुन्हा विचारले. या वेळी मी म्हणालो, थांबायची गरज नाही, काम चालू द्या. विषय क्रमांक नऊ निघाला. ओव्हरसियर उठून म्हणाले की अर्ज विहिरीच्या बांधणीचा होता, ती विहीर आता राहिलेली नाही, तेव्हा बांधणीचा प्रश्न उरत नाही. नवी विहीर हवी असेल तर गावाने नवा अर्ज करावा, मग जागा पाहायची, मग नवे अंदाजपत्रक. कोणी हरकत घेतली नाही. तीन महिने जो विषय निघत नव्हता तो चहा येण्याआधी संपला. 'विषय निकाली काढण्यात आला' हे वाक्य मी माझ्या हाताने लिहिले. मी उठून ओरडायला हवे होते. मला नुसते लिहिताच येते.

नव्या अर्जाचा मसुदा मी करून ठेवला आहे. तू नुसती सही कर. रागावलीस तरी दोन ओळी लिही.

तुझा अपराधी,
गहिनीनाथ


वाघदरा,
८ मार्च १९७३

तीर्थरूप नाना यांस,
मनकर्णाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र मिळून दहा दिवस झाले. राग नाही असे लिहायचे म्हणून रोज कागद पुढे घेतला. ते लिहिता येत नाही. राग आहे, आणि तो जाईल असे वाटत नाही. माझा स्वतःचाही येतो. गोरक्षभावजी मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

मसुद्यावर सही केलेली नाही. अर्ज कोणासाठी करायचा? बारा घरांतली सात दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. तिथे टँकरने पाणी येते. पुढच्या आठवड्यात आम्हीही निघू. लेकरे बरोबर येतील. सासूबाई इथून हलत नाही म्हणतात, त्यांना उचलून न्यावे लागेल.

काल तुमचा शिपाई सायकलवर आला. दुखवट्याच्या ठरावाची नक्कल, वर समितीचा शिक्का. चांगला जाड कागद आहे. अक्षर तुमचे, मी लगेच ओळखले. सासूबाई म्हणाल्या, वाचून दाखव. मी दारात उभी राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. कै. बनुबाई यांच्या आकस्मिक निधनाने समितीस अतीव दुःख झाले, मृतात्म्यास शांती लाभो, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. सासूबाईंनी पदर डोक्यावर घेऊन सगळा नीट ऐकला. मग म्हणाल्या, "पान्याचं काय लिवलंय त्यात?"

मी कागद उलटा करून पाहिला, नाना. मागे कोरा होता.

मनकर्णा