शाळा सहा मिनिटांवर

५ जून

आलो बाई एकदाचे. अकरा घरं पाहून पायांचे तुकडे पडले होते, हे बारावं. नवरोबा पेशाने नकाशे काढणारे, त्यामुळे घर निवडायलाही त्यांनी रीतसर तक्ता केला होता. शाळा किती मिनिटांवर, वाटेत रस्ते किती ओलांडायचे, ऊन कुठल्या खिडकीतून येतं. प्रत्येक घरापुढे कुठे ना कुठे फुली होतीच. ह्या घरापुढे एकही नाही. शाळा सहा मिनिटांवर, रस्ता एकही नाही. दलाल म्हणाला, इथे राहायला आलेलं कुटुंब परत जात नाही. मी म्हटलं, मग हे घर रिकामं कसं? तर म्हणे आधीचे दोघं फार म्हातारे झाले होते.

खालची पुढची खोली माझ्या दवाखान्याला. दातांची खुर्ची दारातून जाईना. हमालांनी दार काढलं, खुर्ची आत घेतली, दार परत बसवलं. वरच्या दोन खोल्यांतली उजेडाची ठमीला दिली. ठमी आठ वर्षांची, पण आवाज अठरा जणींचा. आल्या आल्या जिन्याच्या कठड्यावरून सात वेळा घसरून झालं. तिचा वरचा एक दात हलतोय, दिवसभर त्याला जिभेने ढकलत असते. दातांच्या डॉक्टरची लेक, पण आईला हात लावू देईल तर शपथ.

संध्याकाळी शेजारच्या आजी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. सोबत ठमीएवढाच एक मुलगा, जाड भिंगांचा चष्मा. मी म्हटलं, नातू गोड आहे हो तुमचा. त्या शांतपणे म्हणाल्या, मुलगा आहे माझा. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

१२ जून

शाळा पाहून डोळे निवले. वर्गात वीसच मुलं. भिंतीवर एक डाग नाही, बाकांवर एक ओरखडा नाही. मधल्या सुट्टीतसुद्धा धक्काबुक्की नाही. मुख्याध्यापिका बाई स्वतः फाटकापर्यंत पोचवायला आल्या. शाळा चौथीपर्यंतच आहे. पुढे मुलं कुठे जातात, असं मी विचारलं. बाई हसल्या. म्हणाल्या, नवे पालक पहिल्या आठवड्यात हेच विचारतात, नंतर कोणी विचारत नाही.

नवरोबा वाटेत म्हणाले, पाचवीचं पाचवीत बघू, तू आत्तापासून कशाला डोक्याला ताप करून घेतेस?

२३ जून

दवाखान्यातला पहिला पेशंट शेजारचा चष्मेवाला. दाढ ठणकते म्हणून आई घेऊन आली. तोंड उघडलं आणि मी दिवा जवळ ओढला. सगळे दुधाचे दात. पण झिजलेले, पार सपाट. असे दात मी सत्तरीच्या माणसांच्या तोंडात पाहिले आहेत. दुधाचे दात इतके झिजायला वेळच मिळत नाही, त्याआधीच ते पडतात.

एक्स-रे काढला. खाली पक्का दात नाही. एकही नाही. जन्मतःच पक्के दात नसलेली मुलं असतात, पण लाखात एखादं. आईला समजावून सांगायला लागले तर त्यांनी माझ्या हातून एक्स-रे घेतला, न बघताच दुमडून पिशवीत टाकला. म्हणाल्या, फक्त ठणका थांबवा, ताई.

मुलाला हसवावं म्हणून विचारलं, मोठेपणी कोण होणार? खुळ्यासारखं काहीतरी विचारणाऱ्या लहान मुलाकडे मोठी माणसं बघतात ना, तसा तो माझ्याकडे बघत राहिला.

९ जुलै

आज औषधाच्या दुकानदाराची मुलगी आली. तिच्याआधी जुळ्या बहिणी, परवा गल्लीच्या टोकाचा लालबुंद गालांचा गुटगुटीत मुलगा. चौघांचेही एक्स-रे दिव्यापुढे धरून बसले आहे. एकाच्याही हिरड्यांत पक्के दात नाहीत. लाखात एक, आणि आमच्या एका गल्लीत पाच.

पाण्यात काही असेल का? नवरा म्हणतो, पाण्याचा नमुना पाठव, पण गावभर बोंब मारू नकोस, आत्ताच कुठे बस्तान बसतंय.

ठमी मात्र शाळेत रमली. अक्षर मोत्यासारखं झालंय. घरी आली की दप्तर जागेवर, बूट जागेवर. आज हाक मारली तर 'आले, आई' म्हणून खरंच आली. पूर्वी पाच हाका लागायच्या.

२१ जुलै

पाण्यात काही नाही. अहवाल स्वच्छ आहे.

ठमी कठड्यावरून घसरत नाही आता. घर इतकं शांत की घड्याळाची टिकटिक कानावर येते. नवऱ्याला हे फार आवडलंय. मला तिचा जुना आरडाओरडा आठवतो.

आज तिला खुर्चीत बसवलं. हलणारा दात घट्ट बसलाय. मी चिमटीत धरून हलवला. जराही नाही. मग एक्स-रे काढला आणि जुन्या गावी काढलेला शेजारी ठेवला. जुन्यात त्या दाताखाली पक्का दात स्पष्ट दिसतो, अर्ध्यावर आलेला. नव्यात नाही. तिथे नुसतं काळं. मी पुन्हा काढला. तिसऱ्यांदा काढला. दात किडतो, पडतो, वाकडा येतो. आलेला दात परत जात नाही.

खुर्चीतून उतरताना ती म्हणाली, सारखे सारखे फोटो का काढतेस, आई?

५ ऑगस्ट

शेजारणीकडे गेले. दोन्ही एक्स-रे समोर ठेवले आणि म्हटलं, मला आज खरं सांगितल्याशिवाय मी उठणार नाही.

त्यांनी आधी मुलाला अंगणात पाठवलं. मग सांगितलं. त्यांना हा मुलगा उशिरा झाला, बेचाळिसाव्या वर्षी. आता त्या एकाहत्तर वर्षांच्या आहेत. मुलगा चौथीत आहे. पहिल्यापासून चौथीतच. इथली सगळीच मुलं. शाळेच्या पायरीवर पाय पडला की त्यांचं वय थांबतं, आई-बापांचं थांबत नाही. दिवस असे जातात की गेलेले कळत नाहीत.

त्यांनी एकदा न्यायचं ठरवलं होतं. कालव्यावरचा पूल ओलांडला की हद्द संपते. अर्ध्या पुलावर मुलगा किंचाळायला लागला, पायातले बूट उसवले. थांबलेली सगळी वर्षं एकदम येतात. त्या भिऊन मागे फिरल्या. पाय पुन्हा होते तेवढे झाले, पण त्याने आठवडाभर आईला हाक मारली नाही.

मी विचारलं, तुमच्यामागे ह्याचं काय? तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज हलला. शाळेच्या मागे एक लांबलचक इमारत आहे. आई-बाप गेलेली मुलं तिथे राहतात.

निघताना त्यांनी माझं मनगट धरलं. "ताई, तुमची वर्षं अजून झाली नाहीत, महिनेच झालेत. उद्या निघा. मी 'परवा निघू' म्हणाले होते, म्हणून राहिले."

६ ऑगस्ट

नवऱ्याला सगळं सांगितलं. हसेल असं वाटलं होतं, हसला नाही. म्हणाला, समजा खरं असलं तरी निदान चाचणी परीक्षा होऊ दे, ती पहिली येईल. एका आठवड्याने काय बिघडतंय?

बरोबर आहे. चाचणी झाली की निघायचं.

३ सप्टेंबर

शेजारीणबाई गेल्या. चष्मेवाला दप्तर घेऊन मुख्याध्यापिका बाईंच्या मागून चालत गेला, एकदाही वळून न बघता. मी फाटकाशी उभी होते. गुडघे फार दुखतात, फार वेळ उभं राहवत नाही.

टेबलावर कोणाचा तरी चष्मा पडलाय. तो लावला की वहीतलं नीट दिसतं. नवऱ्याचा असेल.

चाचणीत ठमी पहिली आली. सहामाही झाली की निघू.

१४ सप्टेंबर

आज दवाखान्यात भूल द्यायच्या औषधाची बाटली उघडली, आत पांढरी भुकटी. सगळ्याच बाटल्यांत तेच. जूनमध्ये आणलेल्या.

ही वही मागे चाळली. पाच जूनचं पान पिवळं पडलंय, कोपरा मोडला तर तुटून हातात आला. तारखा मी न चुकता लिहिल्या. वर्ष एकदाही लिहिलं नाही.

धाकट्या बहिणीला फोन लावला. एका बाईने उचलला, मागे कुठलंसं मूल रडत होतं. मी बहिणीचं विचारलं, तर म्हणाली, आईला जाऊन बरीच वर्षं झाली, आपण कोण?

तिचं बाळ. आम्ही निघालो तेव्हा रांगत होतं. माझी ओढणी सोडत नव्हतं.

मी कोण ते सांगितलं नाही. किती वर्षं झाली तेही विचारवलं नाही. फोन ठेवून दिला.

मग आरशात पाहिलं. इतके दिवस कशात बघत होते मी?

१५ सप्टेंबर

हिशेब करतेय. भाचीला मूल आहे, म्हणजे वीसेक वर्षं. ठमी अठ्ठावीसची होईल. अठ्ठावीस म्हणजे काही आयुष्य संपलं नाही. शिकेल. भांडेल. कोणाच्या तरी प्रेमात पडेल. आम्ही गेल्यावर त्या लांब इमारतीत दप्तर घेऊन जाण्यापेक्षा —

नवऱ्याला सांगितलं. तो आरामखुर्चीत होता. म्हातारा. कधी झाला? म्हणाला, "मोठी झाली की ती जाईल. इथे ती रोज साडेचारला घरी येते. तू तिला माझ्यापासून तोडू नकोस."

म्हणजे त्याला माहीत होतं. पहिल्यापासून नसेल. पण माहीत होतं.

मी रडले नाही. उद्या रविवार. शाळा बंद.

१६ सप्टेंबर

दुपारी बारा. तो जेवून आडवा झाला आणि आम्ही निघालो. तिला माझे कपडे घातले, बाह्या दुमडून. पायांत काही नाही. पुलावर तिने माझा हात घट्ट धरला. मी सांगितलं होतं, दुखेल, पण मी सोडणार नाही. अर्ध्यावर ती किंचाळली. मी थांबले नाही. गुडघे — कसे चालले देव जाणे.

ओलांडला.

पलीकडे बसथांब्याच्या बाकावर आहोत. बस यायची आहे. मी लिहितेय, कारण हात नुसते राहिले तर मी —

दात पडतायत. माझ्या ओंजळीत चार. खालून नवे येतायत, पांढरे, सरळ. सुंदर. रक्त पुसलं. दुमडलेल्या बाह्या सोडल्या.

आता माझ्या खांद्याला लागते. आता माझ्याएवढी.

ती "आई" म्हणाली. आवाज बाईचा आहे. पण हाक तीच, जोराची, पूर्वीची. अठरा जणींची. मी हसले. ती पण हसली. नवं तोंड आहे, तिला अजून नीट —

अठ्ठावीस झाली असेल. बस झालं. आता थांबायला हवं.

कपाळावर रेषा. उन्हामुळे.

ती विचारते, "आई, थांबत का नाहीये?" मी म्हटलं, थांबेल, थांबेल, माझ्याकडे बघ.

वीस धरली होती मी. विचारलं का नाही — त्या पोरीला एकदा विचारायला काय —

बस दिसतेय. ती उठायला गेली आणि कमरेवर हात ठेवून परत बसली. माझ्या खांद्यावर डोकं टेकलंय तिने. केस मोकळे सुटलेत, मी बोटांनी सारखे करतेय, आणि कानामागे एक पांढरा — नाही, एक नाही, सगळ्या बटेत —