चांद्याचे आवतण

दि. २१ ऑगस्ट १९८३

प्रिय धोंडबा,

तुझे कार्ड येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला त्याला शेतातले काम कारण नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागल्या पत्रासारखी निंदणाची सबब तुला ऐकावी लागणार नाही. कार्डावरचे अक्षर नीलाचे होते. म्हणजे ती माहेरपणाला आली आहे आणि हे पत्रही तीच तुला वाचून दाखवील. नीला, बाई, एक ऐक. हे पत्र तुझ्या बापाला सगळे वाचून दाखव. मध्येच त्याच्या तोंडाकडे पाहून ओळी गाळू नकोस, आणि काकाची लाज राखायला जाऊ नकोस. ती राखण्याजोगी उरलेली नाही. देवकीवहिनींनाही जवळ बसवून घे. चौदा वर्षांपूर्वीच्या पोळ्याला मी तुमच्या घराशी खोटेपणा केला आणि तो आजवर झाकून ठेवला. तो सांगायचा आहे.

इकडचे म्हणशील तर पाऊस बरा आहे. कपाशी कमरेला लागली, ज्वारी जरा मागे आहे. कांताचे गुडघे दुखतात, पण माझ्यावर ओरडायला गुडघे लागत नाहीत, त्यामुळे घर व्यवस्थित चालू आहे. पोरांच्या तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल यंदा साठ केले. पडवीत ओळीने वाळत ठेवलेत, आणि घरातल्या भाकरीला दरवर्षीसारखा रंगाचा वास येतो. डोळे मात्र मीच काढतो, आणि ते तिरळे होतात. तुला आठवत असेल, पूर्वी डोळे कांता काढायची. कुंकवाच्या काडीने एक टिंब, वर एक बारीक रेघ, की लाकूड बघायला लागायचे. नागपूरच्या गांधीबागेतल्या बाया डोळे पाहूनच आमचा बैल उचलायच्या. चौदा वर्षांपासून तिने तो हात आखडला. तू एकदा विचारलेसही, तेव्हा मी म्हणालो होतो की तिला आता बारीक दिसत नाही. धोंडबा, ती आजही सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवते.

ते एकोणसत्तर साल. तुझ्याकडे एक बैल, माझ्याकडे एक. दोघांची मिळून जोडी, आणि त्या जोडीवर तुझे अडीच एकर आणि माझे तीन. कपाळावर पांढरा ठिपका असलेला तुझा चांद्या डाव्या अंगाला चालायचा, माझा मोत्या उजव्या. पोळ्याला चार-पाच दिवस उरले असताना कुहीहून निरोप आला की वहिनींच्या वडिलांचे काही खरे नाही. तू वहिनींना आणि नीलाला घेऊन निघालास. जाताना चांद्याचे दावे माझ्या हातात दिलेस आणि म्हणालास, “गोविंदा, पोळ्याले मी नसलो तं माझ्या नावानं त्याले आवतण दे गा. पुरणाची पोळी माझ्या वाट्याची चार. मालक विसरला, असं त्याले वाटू नये.” मी म्हणालो, “तू जाय बिनघोर. मी हावो नं.” माझे ते “मी हावो नं” मला अजून ऐकू येते.

त्या वर्षी मी हावरटपणा केला होता. दरवर्षी चाळीस-पन्नास बैल करायचो, त्या वर्षी शंभर घडवायला घेतले. आषाढात लाकूड तासताना वाटले, दिवसा शेत आणि उरल्या वेळात बैल, सहज होईल. मग श्रावणात झड लागली ती दहा दिवस. शेतात पाय घालता येईना आणि घरात रंग वाळेना. कांता चुलीभोवती बैल मांडून एकेक शेकायची, आणि त्यातले दोन तिने चुकून सरपण म्हणून आत सारले, त्यावरून आमचे भांडण. उघाड पडली तसे मी आधी शेत धरले, कारण तण कपाशीच्या वर गेले होते आणि तुझेही शेत माझ्याच अंगावर होते. तुझ्या शेतात मी तण ठेवले नाही, एवढे मात्र खरे. चांद्या-मोत्यांनी तीन दिवस सकाळपासून अंधार पडेपर्यंत डवरा ओढला. त्या तीन दिवसांत माल नागपूरला न्यायचा राहून गेला.

शेवटचा रंग वाळला तो पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी. एस.टी.च्या टपावरून बैल नेऊन आदल्या वर्षी पाहिले होते, निम्म्यांची शिंगे मोडली होती. राहिली बंडी. तान्हा पोळा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असतो, आणि मी त्या दिवशी पहाटे निघालो असतो तरी दुपारच्या विक्रीला पोचलो असतो. फक्त फुटपाथवरची कोपऱ्यावरची जागा गेली असती आणि दहा-वीस बैल परत आणावे लागले असते. घरात उपासमार नव्हती, कोणी आजारी नव्हते. मी पोळ्याच्याच दिवशी निघालो ते त्या कोपऱ्याच्या जागेसाठी. याहून मोठे कारण शोधून पाहिले, सापडले नाही.

त्याच संध्याकाळी मी दोघांचे खांदे शेकले. कोमट पाणी, मग लोणी आणि हळद. तीन दिवसांच्या डवऱ्याने खांदे ठणकत असणार, कारण चांद्या मान माझ्याकडे झुकवून डोळे मिटून उभा राहिला. मोत्याला माझ्या नावाने आवतण दिले. मग चांद्याच्या कानाशी गेलो, तुझे नाव घेतले आणि म्हटले, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. ते म्हणताना उद्या किती वाजता जुंपायचे हे माझ्या मनात पक्के होते. मला सर्वांत जास्त लाज याचीच वाटते, पुढे जे झाले त्याचीही एवढी नाही. विसरून झाले असते, अडचणीत झाले असते, तर माणूस स्वतःची काही समजूत घालतो. मी तुझ्या तोंडाने त्याला जेवायला बोलावत होतो आणि त्याला सकाळी जेवण मिळणार नाही हे मला ठाऊक होते.

पोळ्याच्या दिवशी तांबडे फुटताच बंडी जुंपायला घेतली. कांता पिठाच्या हातांनी दारात आली. “अवो, आवतण देऊन जुंपून राहिले का? आज त्याहीच्या खांद्यावर कोणी माशी बसू देत नाही.” मी म्हणालो, तुला धंद्यातले काय कळते. ती आत गेली, पहाटेपासून केलेल्या चार पुरणपोळ्या फडक्यात बांधून आणल्या आणि बंडीत ठेवल्या. माझ्या न्याहारीचे तिने विचारलेही नाही. देवळापुढे पोरे आंब्याच्या पानांचे तोरण बांधत होती, म्हणून मी त्या रस्त्याने गेलो नाही. नाल्याच्या अंगाने गेलो. चांगला रस्ता सोडून भरल्या बंडीने चिखलात शिरलो, यावरून माझे मन तूच ओळख.

सात कोसांच्या वाटेवर त्या दिवशी दुसरी बंडी दिसली नाही. तळ्यावर बैल धुणारी माणसे हातातला पेंढा तसाच धरून माझ्याकडे बघत. एका गावात एक म्हातारी ताट घेऊन दाराशी उभी होती. घरचे बैल यायची वाट पाहत असावी. घुंगरांचा आवाज ऐकून पुढे आली, आणि मग तिला जू दिसले. “काहून जुंपले गा बाप्पा, आजच्या दिसाले?” रागाने नाही, काळजीने विचारले. मी म्हणालो, “बाई बिमार हाये मागं, दवाखान्यात नेऊन राहिलो.” मागे ताडपत्रीखाली लाकडी बैल होते. म्हातारीने ताडपत्रीला हात लावला नाही. थांब म्हणाली, आणि जुवाखालीच दोघांच्या पायांवर पाणी घातले, कपाळाला कुंकू लावले. मग घरात जाऊन पितळेची लोटी भरून आणली आणि बिमार बाईला पाजायला म्हणून माझ्या हातात दिली. “लोटी येतानी दे,” म्हणाली. येताना मी दुसऱ्या रस्त्याने आलो. ती लोटी अजून आमच्या फळीवर आहे. कांता दर आठवड्याला ती घासते, पण तिच्यात पाणी भरत नाही.

दुपारी शहराच्या अलीकडे झाडाखाली बंडी सोडली आणि पोळ्या चारल्या. मला वाटले चांद्या तोंड फिरवील. त्याने पोळी खाल्ली आणि माझा हात चाटला. रुसला असता तर मला बरे वाटले असते. तेव्हा मी त्याचा खांदा पाहिला. लोण्याने मऊ झालेल्या जागी जू घासून तळहाताएवढे कातडे निघाले होते. मी त्यावर ओले फडके ठेवले आणि पुन्हा जुंपले. कोपऱ्याची जागा मिळाली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकूण एक बैल गेला. शहरातली पोरे लाकडी बैल बगलेत मारून माझ्या खऱ्या बैलांना हात लावायला यायची, आणि चांद्याच्या खांद्यावर फडके का म्हणून विचारायची. त्यांनाही मी काहीबाही सांगितले.

तू कुहीहून परत आलास तेव्हा सासऱ्यांचे दिवस करून आला होतास, डोके भादरलेले नव्हते पण चेहरा उतरलेला. आधी चांद्याकडे गेलास. मी म्हणालो, गोठ्यातल्या खुंटाला घासला. तू जखमेवर हळद दाबलीस आणि म्हणालास, “मी नोहतो, म्हणून बेचैन झाला असन बिचारा.” दोष तू स्वतःकडे घेतलास आणि मी तुला घेऊ दिला. दोन दिवसांनी शिवणीच्या चांगल्या लाकडाचा एक बैल घडवून मी नीलाला आणून दिला, कपाळावर पांढरा ठिपका, हुबेहूब चांद्या. नीला, तू तो उशाशी घेऊन झोपायचीस असे तुझी आई सांगायची. तो मी मायेने दिला नव्हता, बाई. तुझ्या बापाने आणखी काही विचारू नये म्हणून दिला होता. तुझ्यावर माया होती आणि आहे, पण त्या बैलात ती नव्हती.

चांद्याचा खांदा काही धड झाला नाही. जू दिसले की तो मान काढून घ्यायचा. दिवाळीनंतर तू त्याला सावनेरच्या बाजारात विकलास, दुसरा बैल घेणे जमले नाही, शेत ठेक्याने दिलेस आणि खाणीत लागलास. “चांद्यानं मले वावरातून उठोलं,” असे तू लोकांना हसून सांगतोस आणि मी शेजारी बसून हसतो. त्याने नाही उठवले, धोंडबा. मी उठवले. खाणीत तुला पगार आहे, राहायला क्वार्टर आहे, नीला मॅट्रिकपर्यंत शिकली, असे सगळे मी मनाशी पुष्कळदा बोलून पाहिले. पण मागल्या उन्हाळ्यात तू आलास तेव्हा माझ्या शेताच्या धुऱ्यावर उभा राहून कितीतरी वेळ तुझ्या जुन्या शेताकडे पाहत होतास. मी चहा गार होतोय म्हणून तुला हाक मारली. खरे तर मला ते बघवत नव्हते.

आता कार्डाचे. नीलाच्या पोराचा हा पहिला तान्हा पोळा, त्याला त्याच्या आईच्या बैलासारखाच कपाळावर ठिपका असलेला बैल घेऊन ये, असे तू लिहवलेस. आणि खाली, “पोळ्याले जेवण आमच्याच घरी. मी आवतण देऊन राहिलो, ध्यानात ठेव.” मी ते मोठ्याने वाचले तेव्हा कांता भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही. नुसते म्हणाली, “कोणाले बोलावून राहिले, ते आधी त्याहीले समजू द्या.” म्हणून हे पत्र. बैल तयार आहे, शिवणीचाच आहे, चाके नीट फिरतात. डोळे तेवढे राहिलेत. पत्र टपालात टाकून आलात की काढते, असे कांता म्हणाली आहे, आणि चौदा वर्षांनी तिने कुंकवाची काडी धुऊन ठेवली आहे. पोराला बैल मिळेल, मी येवो न येवो. माझे तू ठरव. हे ऐकून आवतण मोडावेसे वाटले तर नीलाकडून एक ओळ लिहवून घे. मी कोणाच्या तरी हाती बैल पाठवून देईन आणि तुला बोल लावणार नाही. ओळ आली नाही तर पोळ्याला येईन. बैल काखेत घेऊन पायी येईन. त्या दिवशी मी बंडी जुंपत नाही.

‘तुझाच’ लिहू की नको, ते तुझ्यावर सोपवून,
गोविंदा