नोवाकआजोबांचा संप

नोव्हाय, मिशिगन, अमेरिका, १० जून २००७

ती. शोभनामावशीस सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकत नाहीस, म्हणून पत्र. माझा व्हिसा सप्टेंबरात संपतोय. आमच्या वृद्धांच्या नर्सिंग होमच्या नव्या मॅनेजरबाई म्हणाल्या, सध्या इमिग्रेशनवरून रोज भांडणं चाललीत, परदेशी माणसांच्या पेपर्सची कटकट नको. दुसरी फिजिओथेरपिस्ट मिळत नाहीये, तरी नको! डेट्रॉइटच्या नदीपलीकडे कॅनडातल्या हॉस्पिटलनं मला बोलावलंय. जावं म्हणते. फक्त माझ्या पेशंट नोवाकआजोबांना कसं सांगू? जन्मभर मोटारीच्या कारखान्यात युनियन लीडर. पडल्यापासून वॉकर घेऊन खोलीच्या दारापर्यंतही जात नाहीत. रोज म्हणतात, उद्या नक्की.

माया आहेच, काळजी कमी कर.

तुझी,
नीलांबरी

नागपूर, २८ जून २००७

चि. नीलांबरीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या काकांनी नकाशा काढला. तुझं ते कॅनडा डेट्रॉइटच्या चक्क खाली निघालं! तुमच्याकडे सगळंच उलटं. मी मेट्रन होते, म्हणून सांगते, पेशंटपासून लपवू नये, त्यांना कळतंच. आजोबांना सरळ सांग. इकडे यावंसं वाटलं तर घर तुझंच आहे, मात्र माझ्या गुडघ्याला हात लावायचा नाही.

पत्र धाड, राग आला तरी धाड.

तुझी,
मावशी

नोव्हाय, ५ ऑगस्ट २००७

ती. मावशीस सा. न. वि. वि.

सांगितलं. आजोबांनी पुठ्ठे मागवले. दुसऱ्या दिवशी सगळ्या म्हाताऱ्यांनी व्यायामाचा संप पुकारला! पुठ्ठ्यांवर ‘नीला नाही तर हालचाल नाही’ असं लिहून अख्खा मोर्चा कॉरिडॉरमधून मॅनेजरबाईंच्या ऑफिसवर निघाला. व्हीलचेअरी, काठ्या, आणि सगळ्यांच्या पुढे वॉकर घेऊन नोवाकआजोबा, स्वतःच्या पायांवर! बाई माझ्यावर ओरडल्या, थांबव यांना. मी म्हटलं, यांना चालवता चालवता माझी पुरेवाट झाली, आता मी कशी थांबवू?

मग म्हाताऱ्यांच्या मुलामुलींचे फोन सुरू झाले, आमच्या आईला कोण बघणार म्हणून. आठवड्यात बाईंनी वकील गाठला. व्हिसा वाढवायचा अर्ज गेलाय, निकाल लागेपर्यंत काम करता येतं. पुढचं पुढे. कॅनडाला नकार कळवला.

मोर्च्याच्या दिवशी ऑफिसच्या दारात आजोबा धापा टाकत माझ्या खांद्यावर टेकले. माझे डोळे भरून आलेले. तर म्हणतात कसे, “रडतेस काय? खुर्ची आण. लीडर परत चालत जात नसतो.”

काकांना नमस्कार. आहे तेवढा लोभ राहू दे.

तुझी,
नीलांबरी