घर ओढणारे

४ मे
एकदाची पोहोचले पुएर्तो मोंतला! खोली लहान आहे, पण अगदी समुद्रासमोर, आणि खिडकीची चौकट भडक पिवळी. लांबून कुणालाही ओळखू यावी अशी. घरमालकीण फटकळ आहे, पण चूल दिवसभर पेटती ठेवते, म्हणून तिला सात खून माफ. नोकरी माशांच्या कंपनीत. दूरच्या बेटांपाशी जाळ्यांत साल्मन आहेत, आणि मी इथे खुर्चीत बसून स्क्रीनवर त्यांची तोंडं बघत, बटण दाबून त्यांना खायला घालते. बाबांनी आयुष्यभर थंड पाण्यात हात घातले आणि शेवटी त्याच पाण्यात बुडाले. मला मात्र हात कोरडे ठेवण्याचा पगार मिळतो. आज मी खूश आहे, आणि ते लिहायला मी लाजत नाही.

७ मे
मासे इथून दिसतात, तर आपलं घर का दिसू नये? फेब्रुवारीत आई गेली, तेव्हापासून केतुय बेटावरचं घर बंद आहे. मी तिला घेऊन दिलेला कॉम्प्युटर मात्र अजून स्वयंपाकघरात आहे. आज उबेरलिंदा मावशीला तिथे पाठवलं आणि फोनवरून तिच्याकडून सगळं जोडून घेतलं. मावशी नुसती वैतागली. "अगं नेल्दा, तो बाण पळतोय, मी काय त्याच्यामागे धावत सुटू?" शेवटी तिने आकडे वाचून दाखवले, मी पासवर्ड ठरवला, आणि कॉम्प्युटर कधीही झोपणार नाही असं लावून घेतलं. बाहेरून कुणी जोडू पाहिलं तर दर वेळी परवानगी विचारायची का, असं त्याने विचारलं. मी मावशीला म्हटलं, 'पुन्हा विचारू नका' यावर खूण कर. रिकाम्या घरात हो म्हणायला कोण बसलंय?

मग चित्र आलं. स्वयंपाकघराची खिडकी, बाहेर सफरचंदाचं झाड, त्यामागे चर्च आणि दफनभूमीचं फाटक. आई तिथेच आहे. मी बराच वेळ रडले.

१२ मे
आईच्या आजारपणात जमीन विकावी लागली, तीही माझ्याच कंपनीला. महिनाअखेर ते जागा मोकळी करणार, म्हणजे घर पाडणार. आणि मी आईचा हात हातात घेऊन शब्द दिलाय की घराची एक फळीसुद्धा तुटू देणार नाही.

ऑफिसातली राजधानीची, सांतियागोची पोरगी म्हणाली, जमीन गेली म्हणजे घर गेलंच की. आमच्याकडे नाही जात, बाई! घर ओंडक्यांवर चढवायचं, बैल जुंपायचे, सगळ्या गावाने ओढायचं. समुद्र आडवा आला तर पिंपं बांधून तरंगवायचं. मालकाने दारोदार जाऊन विनवणी करायची आणि काम झालं की ओढणाऱ्यांना पोटभर जेवू घालायचं. विनवणी एकदा कानावर पडली की नाही म्हणता येत नाही.

मावशीच्या टेकडीवर जागा आहे. पण नोकरी नवी, रजा कोण देतो? विनवणी मी कॉम्प्युटरवरूनच करणार.

१६ मे
मावशीने आज प्रार्थनेनंतर सगळ्यांना आईच्या स्वयंपाकघरात बोलावलं होतं. आत आला एकटा रोसामेलकाका. गावातले सगळ्यांत दांडगे बैल त्याचे, आणि जीभही. कॅमेऱ्यात तोंड घालून म्हणाला, "किनाऱ्यावर घाण करणाऱ्यांना जमीन विकलीस ना? मग आता त्यांचे मासेच जुंप घराला! विनवणी माणूस दारात येऊन करतो, पेटीतून नाही. आम्ही काही ऐकलंच नाही, जा." बाकीचे कुंपणापाशी पाठ करून उभे होते. तेही पांगले. मावशी डोळे पुसत त्यांच्यामागे गेली.

आई मरत होती तेव्हा यांतला एक जण फिरकला नव्हता, आणि आज यांना किनारा आठवला. माझं डोकंच फिरलं. मी आवाज होता नव्हता तेवढा वाढवला आणि त्या रिकाम्या घरातून ओरडून विनवणी केली, चर्चच्या पलीकडे ऐकू जाईल अशी. म्हटलं, कुणीही या. घर ओढा आणि माझ्याकडेच आणून द्या, पुएर्तो मोंतला, पिवळ्या खिडकीपाशी. पोटभर जेवू घालीन, काही म्हणजे काही मागे ठेवणार नाही.

कुणी आलं नाही. पण तिकडून अगदी हळू, पुष्कळ जणांनी मिळून "बरं" म्हटल्यासारखं वाटलं. वारा असेल.

१८ मे
झाड खिडकीत डावीकडे होतं. आज उजव्या कडेला आहे. मावशी म्हणते, कॅमेरा हलला असेल. कॅमेरा हलला असता तर खिडकीची चौकटही हलली असती. ती जागच्या जागी आहे.

२० मे
झाड नाही. चर्च नाही. खिडकीबाहेर ओहोटीचा चिखल.

मावशीचा फोन, नुसती रडत होती. घर जागेवर नाही. जमिनीत ओंडक्यांचे चर पडलेत. बैलाचा एक खूर उमटलेला नाही, माणसांची पावलं मात्र खूप, सगळी अनवाणी, दफनभूमीच्या फाटकातून निघालेली. रोसामेलकाका दाराला कडी घालून बसलाय. विजेची तार तुटून लोंबतेय म्हणाली.

ती हे सांगत होती तेव्हा माझ्यासमोर चित्र चालू होतं.

२१ मे
पाणी. खिडकीच्या निम्म्यापर्यंत पाणी. दोर ताणलेले दिसतात, धरणारे दिसत नाहीत. ऐकू येतात. एका लयीत दम टाकतात. आज त्यांत बाबांचाही आवाज आहे— "ओढा रे, ओढा!" बाबांचा देह कधी सापडलाच नव्हता.

जोडणी तोडली. आपोआप जोडली गेली. पासवर्ड बदलायला गेले, तर म्हणे चुकीचा आहे.

मला भीती वाटते. इथे कुणाला सांगू?

२२ मे
कामावर गेले नाही. माझ्या स्क्रीनवर विचारणा आली— घरचा कॉम्प्युटर तुमच्याशी जोडू पाहतो आहे. परवानगी? मी नाही म्हटलं. पुन्हा आली. मग बाण माझ्या हाताखालून सुटला, चाचपडत, आईचा चालायचा तसाच, आणि 'पुन्हा विचारू नका' यावर जाऊन खूण केली.

वायर उपटली. चित्र तसंच.

आई बोलली. रागात नव्हती— पाहुणे यायचे असले की असायची तशी घाईत. पोरी, मोठं पातेलं आहे ना तुझ्याकडे? माणसं फार आहेत. उपाशी आहेत.

२३ मे
चित्रात धक्का. मग रस्ता. मग पिवळी चौकट, आणि आत एक बाई, मान खाली घालून लिहितेय.

घरमालकीण चूल तशीच टाकून पळाली— मी जिन्यापर्यंत गेले, खाली पाणी, पायऱ्यांवर ओली पावलं, वर येणारी—

दुपार
दार ठोकतात. हळू, गावच्या रीतीने.

पाव आहे म्हटलं. बटाटे आहेत, उकडते, थांबा— हसले सगळे—

कडी काढली नव्हती मी. आत आहेत. आई म्हणते, एक फळी तुटली नाही बघ, पहिला शब्द पाळलास. आता दुसरा पाळ. काही मागे ठेवायचं नाही म्हणालीस ना—

हात किती कोरडे आहेत गं तुझे, म्हणते. आधी डावा दे, उजवा लागतोय तुला लिहायला—

दुखत नाही. फक्त थंड—

आई, उजवा नको, अजून थोडं लिहि