लिम्बानीची चावी

झोम्बा

प्रिय लिम्बानी,

हाताने लिहिलेलं पत्र बघून हसू आलं असेल, तर हस बाबा. तुझी मेल आपल्याच सर्व्हरवर, आणि त्याचं दार तुझ्यासाठी मीच लावून घेतलं. फोन तू उचलत नाहीस, आणि का उचलावास? तुझ्या आईचा, अमायींचा ताप उतरला का? त्यांना उसिपा मासळीचा रस्सा चालत असेल तर थोडा थोडा देत जा, माझ्या आईला त्यानेच तरतरी आली होती.

आईकडे मांगोचीला निघताना तू म्हणाला होतास, सर्व्हरची डिस्क कुरकुरते आहे. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तुला काय, प्रत्येक यंत्र आजारीच दिसतं! काढा पाज तिला." सगळे हसले. तूही हसलास. नंतर एका दुपारी तुझे फोन येत राहिले आणि पुन्हा डिस्कचं रडगाणं असेल म्हणून मी ते उचलले नाहीत. आपलं दवाखान्यांचं सॉफ्टवेअर उघडं आहे, कोणीही फुकट घ्यावं. पण दवाखाने विश्वासाने कळवतात त्या सुरक्षेच्या त्रुटी आपण कुलपात ठेवतो. त्या दुपारी सर्व्हर उघडायच्या तुझ्या सांकेतिक चावीने कोणीतरी अनोळखी जागेवरून आत शिरलं होतं आणि नेमक्या त्याच फायली भराभर बाहेर नेत होतं. पहारा माझा. मी चावी रद्द केली आणि आपल्या सगळ्या स्वयंसेवकांना कळवलं, लिम्बानीवर विश्वास ठेवू नका.

आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. यंत्र बिघडलं की जो तो तुझं नाव घेतो; पहारेकऱ्याची आठवण कोणाला येत नाही. चला, एकदा तरी चोर पकडला, असं वाटलं मला. हे लिहितानाही माझी मला लाज वाटते आहे.

दोन दिवसांत डिस्क गेली. आपला स्वयंसेवक तावोंगा ब्लांटायरहून तणतणत आला. "अगं, तो माझ्या यंत्रावर सगळं उतरवून ठेवत होता! तिकडे वीज नाही, शेजारच्या कोळ्याचा फोन मागून बसला होता बिचारा. एका शब्दाने विचारायचंस तरी! तोंड आहे ना तुला?" तू उतरवलंस तेवढंच वाचलं. उरलेलं माझ्यामुळे गेलं. आता दवाखान्यांच्या हातापाया पडून पुन्हा विचारते आहे.

सगळ्यांना खरं काय ते मी लिहिलं आहे. पण रद्द झालेली चावी समोरासमोर चेहरा पाहिल्याशिवाय परत द्यायची नाही, हा नियमही माझाच. म्हणून शनिवारी मिनीबसने येते आहे, तावोंगाला घेऊन. तुझी चावी तो देईल, कारण माझी मी काल रद्द केली. ती परत मिळायची तर माझी खात्री मला ओळखणाऱ्या जुन्या सोबत्याने द्यायची, आणि तू सोडून जुनं मला कोण आहे? दारात ये, मला नीट बघ. ओळखत नाही म्हणालास, तर मी अमायींना नमस्कार सांगून मुकाट परत जाईन.

तुझीच,
तियामिके